डोलकाठीचा कल

माणसाचें शील त्याच्या हातांत असतें कीं त्याच्या घडणींत असतें, हा प्रश्न नवा नाहीं. प्रलोभन समोर उभें असतां जो मनास आवरून धरितो तो श्रेष्ठ, कीं ज्याच्या मनाची ठेवणच अशी आहे कीं त्यास आवरावें लागत नाहीं तो श्रेष्ठ, याविषयीं विचारवंतांत फार जुना मतभेद आहे. आपल्या घरांतून मात्र या वादाचा निकाल केव्हांच लागल्यासारखा दिसतो. मनावर ताबा ठेव, जिभेला लगाम घाल, हात आवर, हीं वाक्यें आपण मुलांस उठतांबसतां ऐकवितों; म्हणजे सदाचार हें एक प्रकारचें धरून ठेवणें आहे, आणि ज्याची पकड अधिक घट्ट तो अधिक सज्जन, असें आपण गृहीतच धरलेलें असतें. आम्हीही आयुष्याचा बराच काळ असेंच मानीत आलों. या मतास पहिला धक्का दिला तो एका लहानशा शिडाच्या होडीनें. आणि तो धक्का इतका शब्दशः खरा होता कीं त्यासरशीं आम्ही समुद्रांत पडलों. ती हकीकत सांगण्यापूर्वीं त्या होडीची थोडी ओळख करून दिली पाहिजे.

आमच्या एका स्नेह्यांपाशीं 'होबी १६' या जातीची एक जुनी कॅटमरान होडी आहे. कॅटमरान हा शब्द इंग्रजींतून आपल्याकडे परत आला असला, तरी त्याचें माहेर तामिळ आहे: 'कट्टु' म्हणजे बांधणें व 'मरम्' म्हणजे लाकूड. ओंडके एकत्र बांधून केलेल्या तराफ्याचें हें नांव. इंग्रजी बोलणाऱ्यांनीं तें पुढें एकमेकींस जोडलेल्या दोन अरुंद नावांच्या होडीस लावलें. आमच्या कोंकणांतील उलांडीची होडी ही तिची लांबची बहीण समजण्यास हरकत नाहीं. पाण्यावर पाय फांकून उभें राहण्याची युक्ति दोघींचीही एकच. होबी १६ ही कॅलिफोर्नियांतील होबी आल्टर नांवाच्या, लाटांवर स्वार होण्याच्या फळ्या बनविणाऱ्या कारागिरानें १९७० च्या सुमारास प्रचारांत आणिली. लांबी साडेसोळा फुटांहून किंचित् अधिक, रुंदी आठ फुटांस थोडी कमी, वजन अवघें ३२० पौंड. आणि एवढ्याशा वजनावर २१८ चौरस फूट शीड वारा घेतें. दोन नावांच्या मध्यें ताणून बसविलेलें कापडी आसन, त्यापुढें सुमारें साडेसव्वीस फुटांची डोलकाठी, आणि प्रत्येक नावेच्या पिछाडीस एक अशीं दोन सुकाणूं. हीं दोन्ही एका आडव्या दांडीनें जोडलेलीं असल्यामुळें एकाच हातानें वळतात.

अशा होडीच्या चालण्याचें मर्म दोन बिंदूंत आहे. शिडांवर पडणारा वाऱ्याचा सारा जोर एका बिंदूंत एकवटला आहे असें मानतां येतें, आणि होडीस आडवें सरकूं न देणारा पाण्याचा विरोधही दुसऱ्या एका बिंदूंत एकवटला आहे असें मानतां येतें. वाऱ्याचा बिंदु पाण्याच्या बिंदूच्या मागें गेला, तर पिछाडी ढकलली जाऊन नाळ वाऱ्याकडे वळूं पाहते. पुढें गेला, तर नाळच ढकलली जाऊन होडी वाऱ्याकडे पाठ फिरवूं पाहते. पहिल्या प्रकारच्या होडीवर सुकाणूचा हात सुटला, तर ती वाऱ्यास सामोरी जाऊन उभी राहते. शिडें फडफडतात व वेग संपतो. दुसऱ्या प्रकारच्या होडीवर सुटला, तर ती वाऱ्यापुढें पळत सुटते. हा वाऱ्याचा बिंदु मागेंपुढें नेण्याचा मुख्य उपाय म्हणजे डोलकाठीचा कल होय. काठीस पुढून व दोन्ही बाजूंनीं धरणाऱ्या तारा असतात. पुढची तार लांब केली व बाजूच्या त्या मानानें आखडल्या, कीं काठी मागें कलते. कल एका अंशानें बदलला तर काठीचें टोक सुमारें साडेपांच इंच हलतें, आणि शिडाचा मध्य तर दोन-सवादोन इंचच. पण असे दोन-तीन अंश इकडचे तिकडे झाले, कीं होडीचा स्वभाव पालटतो. काठीच्या झुकण्यास आणि मनाच्या प्रवृत्तीस आपल्या भाषेनें 'कल' हा एकच शब्द दिला आहे, तो उगाच नव्हे.

आतां ती हकीकत. फाल्गुनांतील एका दुपारीं मांडव्याच्या किनाऱ्यापासून कांहीं अंतरावर आम्ही दोघे त्या होडींत होतों. वायव्येचा वारा चांगला होता. स्नेही पुढच्या शिडाची दोरी धरून बसले होते, आणि सुकाणूचा दांडा त्यांनीं कौतुकानें आमच्या हातीं दिला होता. दांडा इतका हलका लागत होता कीं दोन बोटांनीं धरावा. आम्हीं तें आपलेंच कौशल्य समजून मनांतल्या मनांत स्वतःची पाठ थोपटीत होतों. इतक्यांत वाऱ्याचा एक झोत आला, बाजूनें लाट आदळली, ओल्या आसनावरून पाय घसरला, आणि दांडा सोडून आम्ही थेट पाण्यांत गेलों. लाइफ जॅकेट अंगांत असल्यामुळें लगेच वर आलों. होडी हातभर अंतरावर असेल अशा समजुतीनें हात पुढें केला, तों ती पाठ फिरवून दूर चाललेली दिसली. आणि जसजशी ती वाऱ्यापुढें वळत होती तसतसा तिचा वेग वाढत होता. स्नेह्यांस पुढची दोरी सोडून, रांगत मागें येऊन दांडा पकडावा लागला. तोंपर्यंत आम्हांस लाटेच्या माथ्यावर आल्याखेरीज शीडही दिसेनासें झालें होतें. त्यांनीं वळून येऊन आम्हांस वर ओढीपर्यंत दहा मिनिटें गेलीं असावींत. त्या दहा मिनिटांत आम्हांस कोणताही तात्त्विक विचार सुचला नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

किनाऱ्यास लागल्यावर आम्ही ओशाळून क्षमा मागूं लागलों. त्यांनीं हातानेंच थांबविलें. "हात सुटल्याबद्दल क्षमा कसली मागतां? हात सुटणारच. माझाही सुटतो. सुटल्यावर होडी कोणीकडे गेली हा खरा प्रश्न. आणि त्याचा जाब मीं द्यावयाचा आहे." मग वाळूंत बसून त्यांनीं आपली चूक सांगितली. दोन वर्षांपूर्वीं त्यांस दांडा फार जड लागूं लागला होता. होडी वाऱ्याकडे फार ओढते असें समजून त्यांनीं डोलकाठी पुढें घेतली. दांडा थोडा हलका झाला, तेव्हां आणखी पुढें घेतली. वस्तुतः दोष काठीचा नव्हताच. या होडीचीं सुकाणूंचीं पातीं वाळूस लागतांच वर उचललीं जावींत अशीं बिजागरीवर बसविलेलीं असतात. पाण्यांत तीं सरळ खालीं अडकून राहिलीं पाहिजेत. अडकवण झिजली म्हणजे पातें मागें तिरपें राहतें, पाण्याचा दाब बिजागरीच्या पुष्कळ मागें पडतो, आणि होडीचा तोल ठीक असूनही हात भरून येतो. ओळखण्याची रीत सोपी आहे: सरळ जातांना दांडा जड लागत असून जवळजवळ मध्यावरच असेल तर दोष पात्याचा, तो वाऱ्याच्या बाजूस बराच ओढून धरावा लागत असेल तर दोष तोलाचा. त्यांनीं तेव्हां पाहिलें नाहीं. वर्षभरानें अडकवण बदलली, दांडा पिसासारखा झाला, आणि पुढें गेलेली काठी तशीच राहिली. ते म्हणाले, "ओझें उतरलें एवढेंच मीं पाहिलें. तें कशाच्या मोबदल्यांत उतरलें तें पाहिलें नाहीं."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं, वारा पडलेला असतांना, काठी मागें घेण्यांत आली. दुपारीं पुन्हां निघालों. किनाऱ्यापासून दूर गेल्यावर त्यांनीं मुद्दाम दांडा सोडून दोन्ही हात वर केले. होडीनें हळूहळू नाळ वाऱ्याकडे फिरविली, शिडें थरथरूं लागलीं, आणि ती उभी राहिली. मग त्यांनीं दांडा आमच्या हातीं दिला. आतां त्यांत कालचा पिसासारखा हलकेपणा नव्हता. बारीकशी पण अखंड ओढ लागत होती. एवढीही ओढ नाहींशी करतां येणार नाहीं काय, असें आम्हीं विचारलें. ते म्हणाले, "येईल. पण मग वारा वाढला कीं कमी झाला हें तुमच्या हातास कळणार नाहीं."

येथें आम्हांस स्वतःविषयीं एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. आमच्या मातोश्री शेवटचीं तीन वर्षें अंथरुणास खिळून होत्या. त्यांची सर्व सेवा आम्हीं आपल्या हातानें केली, आणि तोंडावाटे त्रासाचा शब्द निघूं दिला नाहीं. याचा आम्हांस अभिमान होता, व नातलगही आमचें उदाहरण देत. आमचे धाकटे बंधु दोनदां म्हणाले, "दादा, आठवड्यांतून दोन रात्री मी येऊन राहतों." आम्हीं नको म्हटलें, सेवा संपूर्ण आपल्याच हातून व्हावी अशी हौस होती. रात्रीची झोंप नव्हती, मनांत कुरकुर सांचत होती, आणि ती आम्ही दर क्षणीं मुठींत दाबून धरीत होतों. दाबून धरणें यासच आम्ही प्रेम समजत होतों. एका रात्रीं मातोश्रींनीं चौथ्यांदा पाण्यासाठीं हांक मारली, आणि आमच्या तोंडून गेलें, "किती वेळां?" दोनच शब्द, पण स्वर आमचा आम्हांसच ओळखूं आला नाहीं. त्या कांहीं बोलल्या नाहींत. त्यानंतर मात्र त्यांनीं रात्रीं कधींही हांक मारली नाहीं. आम्ही त्यांच्या उशाशीं पाण्याचें भांडें भरून ठेवूं लागलों. तें सकाळीं तसेंच भरलेलें असे; कारण तें उचलण्याचें बळ त्यांच्या हातांत नव्हतें, आणि हें आम्हांस ठाऊक होतें.

पुष्कळ वर्षें आम्ही या प्रसंगाचा दोष त्या एका क्षणास देत आलों: त्या वेळीं मन आवरलें असतें तर! मांडव्याच्या वाळूंत बसलों असतां प्रथमच ध्यानांत आलें, कीं तीन वर्षांच्या रात्रींत एखाद्या रात्रीं हात सुटणारच होता. चूक त्या रात्रीची नव्हती. दिवसाउजेडीं, शांतपणें, बंधूंस 'ये' म्हणावयाचें होतें, त्या वेळीं झाली होती. दोन रात्रींची झोंप मिळती, तर मनांतली कुरकुर आईपासून पळण्याच्या दिशेस इतकी झुकती ना. आणि तोंडून शब्द सुटताच तरी मागोमाग पाणीही गेलें असतें, हातही धरला गेला असता. आम्हीं सारा भरंवसा मुठीवर ठेविला, आणि काठीकडे पाहिलेंही नाहीं.

अ‍ॅरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या सातव्या भागांत मनास आवरून धरणारा आणि मुळांतच समवृत्तीचा असे दोन पुरुष वेगळे केले आहेत. पहिल्याच्या ठिकाणीं वाईट वासना आहे, पण तो तीस जुमानीत नाहीं. दुसऱ्याच्या ठिकाणीं ती वासनाच तशी उरलेली नाहीं. आणि त्याच्या मतें सद्गुण पूर्णत्वास पोंचला तो दुसऱ्याच्या ठिकाणीं. आपल्या गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत, इंद्रियांमागें जाणारें मन बुद्धीस कसें ओढून नेतें हें सांगतांना दृष्टांत घेतला आहे तो पाण्यावरील नावेचा व वाऱ्याचा. सहाव्या अध्यायांत अर्जुन मनाची तुलना वाऱ्याशींच करितो; आणि त्यास मिळालेलें उत्तर 'अधिक घट्ट धर' असें नाहीं, तर अभ्यास आणि वैराग्य हे उपाय सांगितले आहेत. हे दोन्ही उपाय प्रसंग कोसळल्यावर करावयाचे नसून त्यापूर्वीं दीर्घकाळ करावयाचे आहेत. कोणीही शहाणा मनुष्य भर वाऱ्यांत डोलकाठीच्या तारा सोडीत नाहीं. तें काम किनाऱ्यावरचें आहे.

यावर एक भारी आक्षेप आहे, आणि तो कान्टचा आहे. १७८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत तो अशा परोपकारी मनुष्याची कल्पना करितो, कीं ज्याचें मन स्वतःच्या दुःखानें काळवंडून गेलें आहे, दुसऱ्याविषयीं सहानुभूति उरलेली नाहीं, तरीही तो केवळ कर्तव्य म्हणून परक्यास साहाय्य करितो; आणि कान्ट म्हणतो, खरें नैतिक मूल्य येथें प्रगट होतें. ज्याचा स्वभावच गोड त्यानें गोड वागण्यांत विशेष तें काय? हा प्रश्न टाळण्यासारखा नाहीं. काळवंडलेल्या मनानें केलेलें कर्तव्य थोरच आहे. सुकाणूवर हात नसेल तर उत्तम कलाची होडीही कोठें पोंचणार नाहीं, फार तर उभी राहील. परंतु कान्टच्या त्या मनुष्याची परीक्षा आपण ज्या दिवशीं त्याची पकड टिकली त्या दिवशीं करितों. जो पाण्यांत पडला आहे त्याचा प्रश्न वेगळा असतो. त्यास तुमच्या पकडीच्या मूल्याशीं कर्तव्य नाहीं. पकड गेल्यावर तुम्ही त्याच्यापासून दूर जातां कीं त्याच्यासाठीं थांबतां, एवढेंच त्यास कळतें. शिवाय, काठीचा कल आपोआप येत नाहीं. तोही हातानेंच द्यावा लागतो. आपली चूक कबूल करून, दुसऱ्याचें साहाय्य मागून, आपल्या हौसेस मुरड घालून द्यावा लागतो. यांत श्रेय नाहीं असें कोण म्हणेल? श्रेय नाहींसें होत नाहीं. तें समुद्रावरून किनाऱ्यावर येतें, जेथें तें पाहणारा कोणी नसतो.

मात्र काठी जितकी मागें तितकें शील थोर, असा याचा अर्थ कोणी करूं नये. कल फार झाला तर सरळ जाण्यासाठींही सुकाणूं सदैव आडवें धरावें लागतें, आणि आडवें धरलेलें सुकाणूं म्हणजे पाण्यांत धरलेला अडसरच. त्यांतून कॅटमरान पडली हलकी. जड होडी आपल्या वजनाच्या जोरावर वाऱ्याच्या रेषेपलीकडे वळून जाते. ही मात्र वाऱ्यासमोर येतांच वेग गमावून अडकून पडते, आणि शिडें फडफडत उलटी मागें सरकूं लागते. अशीं माणसें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. प्रत्येक गोष्टींत त्यांस तत्त्वाचा वारा लागतो, प्रत्येक थट्टेंत त्यांस दोष दिसतो. तीं कधीं वाईट मार्गास लागत नाहींत हें खरें, परंतु कोणत्याच मार्गास लागत नाहींत. जाणते खलाशी सुकाणूचा तीन-चार अंशांचाच कोन पुरेसा मानतात. शिवाय सर्व होड्यांस एकच माप लागू नाहीं. आपल्या किनाऱ्यावरील जुन्या फत्तेमारींच्या डोलकाठ्या पुढें झुकलेल्या असत, आणि त्यांच्या तिरप्या परभाणावरील शिडास तोच कल योग्य होता. म्हणून आपला कल दुसऱ्याच्या काठीवरून ठरविणें हेंही शहाणपणाचें नव्हे.

उरली ती बारीकशी ओढ. कर्तव्य करतांना मनास मुळींच ताण पडूं नये, सदसद्विवेकाची टोंचणी अजिबात राहूं नये, अशी इच्छा आपणां सर्वांसच असते. आणि ती पुरविण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. टोंचणी जड झाली कीं आपण तत्त्वच थोडें पुढें सरकवितों. 'इतकें कोण पाळतो', 'काळ बदलला' असें म्हणतों आणि हात हलका झाल्याचें सुख भोगतों. पुष्कळदां तर तो जडपणा तत्त्वाचा नसतोच. आपल्याच एखाद्या झिजलेल्या अडकवणीचा, म्हणजे अपुऱ्या झोंपेचा, दुखावलेल्या अहंतेचा किंवा जुन्या मत्सराचा असतो. ती दुरुस्त करावयाची सोडून आपण काठी हलवितों. म्हणून हात भरून आला कीं प्रथम दांडा कोठें आहे तें पाहावें. आणि सर्व दुरुस्त करूनही जी थोडी ओढ राहील ती राहूं द्यावी. ज्यास आपल्या मनाची ओढ मुळींच जाणवत नाहीं, त्याचा तोल पूर्ण साधला आहे कीं त्याची होडी वाऱ्यास पाठ दाखविण्याच्या बेतांत आहे, हें त्यास स्वतःलाही कळण्याचा मार्ग नाहीं.

मुलांच्या शिक्षणांतही हाच विचार उपयोगी पडावा असें आम्हांस वाटतें. मुलगा आपल्या नजरेखालीं कसा वागतो हें आपण पाहतों. म्हणजे आपला हात सुकाणूवर असतांनाची होडी पाहतों. नजर हटल्यावर तो कोणीकडे वळतो, चूक झाल्यावर तो आपल्याकडे येतो कीं आपल्यापासून पळतो, यावरून घरानें त्यास कोणता कल दिला तें कळावयाचें. जें मूल चूक करून घरीं येऊन उभें राहतें, त्याच्याविषयीं फारशी काळजी नको.

आमचे स्नेही आतां फारसे समुद्रावर जात नाहींत. होडी त्यांचा भाचा चालवितो. परवां आम्ही किनाऱ्यावर बसून पाहत होतों. वळण घेतांना त्याचा एक सोबती पाण्यांत पडला, आणि त्याकडे पाहण्याच्या गडबडींत त्याच्या हातांतून दांडा निसटला. होडी वाऱ्याकडे वळली, थरथरली, थांबली. पडलेला मुलगा पोहत तिच्यापाशीं गेला आणि कडेस हात घालून वर चढला. स्नेह्यांनीं आमच्याकडे पाहिलें नाहीं. आम्हांसही कांहीं बोलवेना. आम्हांस त्या वेळीं उशाशीं भरून ठेवलेलें एक भांडें दिसत होतें.